ग्रहवाल्या ताऱ्याला जोडीदार आहे का? पावसाळ्यात घरबसल्या करायची शोधाशोध

जून ते सप्टेंबर मुंबईत आकाशदर्शन म्हणजे ढगांचं दर्शन. दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटीत बंद, भिंगाला बुरशी धरू नये म्हणून अधूनमधून ऊन दाखवायचं, तेवढंच. या चार महिन्यांत आमच्या मुलुंडच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक वेगळंच काम चालतं. ज्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडलेत, त्यांच्या सोबतीला दुसरा तारा आहे का, हे शोधायचं. त्यासाठी एक साधा लॅपटॉप, इंटरनेट, बारावीपर्यंतचं गणित आणि बऱ्यापैकी चिवटपणा लागतो.

सूर्य एकटा असल्यामुळे आपल्याला एकटेपणा हाच नियम वाटतो. पण २०१० साली सूर्यासारख्या ४५४ जवळच्या ताऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातले ५६ टक्केच एकटे निघाले. बाकीच्यांना एक, दोन किंवा त्याहून जास्त जोडीदार. म्हणजे ग्रहवाल्या ताऱ्यालाही जोडीदार असणं हे नवल नाही, आणि तो आहे की नाही यावर बरंच काही अवलंबून असतं.

सगळ्यात रोकडा परिणाम ग्रहाच्या आकारावर होतो. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, आणि त्या घटीवरून ग्रहाची त्रिज्या काढतात. समजा घट १ टक्का आहे; म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या एक दशांश. पण त्याच ठिपक्यात तेवढाच तेजस्वी दुसरा तारा लपलेला असेल, तर निम्मा प्रकाश त्याचा आहे. खरी घट २ टक्के, आणि ग्रह आपण मानला त्याच्या १.४१ पट मोठा. दुधात पाणी घातलं की फॅट कमी दिसतं, तसंच हे. ग्रह शोधणाऱ्या टेस उपग्रहाच्या कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल आकाशात २१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) रुंद आहे, त्यामुळे असं पाणी तिथे सर्रास पडतं.

दुसरा परिणाम कक्षेवर. हंस तारकासमूहातल्या १६ सिग्नी या जोडीत ब ताऱ्याला १९९६ साली ग्रह सापडला. तो सुमारे ८०० दिवसांत फेरी मारतो, पण कक्षा चांगलीच लांबट आहे, विकेंद्रता ०.६८ च्या आसपास (० म्हणजे गोल कक्षा, १ च्या जवळ म्हणजे फारच लांबट). सप्तर्षीतल्या एचडी ८०६०६ चा ग्रह तर ०.९३ विकेंद्रतेचा: १११ दिवसांच्या फेरीत एकदा ताऱ्याला जवळजवळ चाटून जातो. दोन्हीकडे दूरवर एक जोडीदार तारा आहे, आणि त्याच्या ओढीने कोट्यवधी वर्षांत ग्रहाची कक्षा अशी ताणली गेली असावी, असं मानलं जातं.

शब्दांचं आधी उरकून घेऊ. १ अंश म्हणजे ६० कला, १ कला म्हणजे ६० विकला. पंचांगातले हे शब्द इथे चपखल बसतात. विकलेच्या हजाराव्या भागाला मी मिलिविकला म्हणतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागे-पुढे सरकल्यासारखा दिसतो, तो पराशय. पराशय मिलिविकलांत असेल तर १००० ला त्याने भागा, अंतर पारसेकमध्ये मिळतं. १ पारसेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. आणि तारा आकाशात दरवर्षी जेवढा खरोखर सरकतो, ती त्याची निजगती.

आमच्या शेजारची अकरावीतली मुलगी या कामात माझी जोडीदार आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, दोन तारे शेजारी दिसले म्हणजे ते सोबत आहेत हे कशावरून?" मी तिला दादरच्या पुलावर नेलं, म्हणजे बोलण्यात. संध्याकाळी सात वाजता पुलावर हजार माणसं. कोण कोणासोबत आहे हे कसं ओळखशील? जवळ असणं पुरेसं नाही, तिथे सगळेच जवळ असतात. दोघं एकाच पायरीवर आहेत का, आणि एकाच दिशेने एकाच चालीने चाललेत का, हे बघायचं. एकच पायरी म्हणजे सारखा पराशय, एकच चाल म्हणजे सारखी निजगती. ती म्हणाली, "पण काका, गाडी आली की सगळेच एका दिशेने पळतात." याच वाक्यापाशी पुढे परत यायचं आहे.

आधी माहीत असलेली जोडी सोडवा

पराशय आणि निजगतीचा आजचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया यानाचा. यान डिसेंबर २०१३ मध्ये उडालं, जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणं थांबली. तिसरी माहितीयादी १३ जून २०२२ ला खुली झाली. तिच्यात सुमारे १८० कोटी नोंदी आहेत, आणि त्यांतल्या १४६ कोटींना पराशय व निजगती दिलेली आहे. सगळं फुकट.

नवख्याने थेट गायाच्या संकेतस्थळावर क्वेरी लिहायला बसू नये. स्ट्रासबुर्गच्या खगोल माहिती केंद्राचं 'व्हिझिएर' उघडा. तिथे गायाच्या तिसऱ्या यादीचा क्रमांक आय/३५५ आहे. ताऱ्याचं नाव, शोधाचं वर्तुळ केवढं हवं ते आणि रकाने निवडले की तक्ता समोर येतो.

सरावाला ५५ कँक्री घ्या. कर्क राशीतला हा तारा, पाच ग्रहांचा धनी. याचा जोडीदार तांबडा बटू आहे हे आधीपासून माहीत आहे, त्यामुळे तुमची पद्धत बरोबर आहे का ते लगेच कळेल. उत्तर पाठीमागे दिलेलं गणित आधी सोडवावं, हा माझा आग्रह आहे.

वर्तुळ केवढं घ्यायचं? मी साधारण १०,००० खगोलीय एककांपर्यंत शोधतो (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १ एकक). एककांना पारसेकने भागलं की थेट विकला मिळतात. ५५ कँक्रीचा पराशय साधारण ७९.४ मिलिविकला, म्हणजे अंतर १२.६ पारसेक. १०,००० भागिले १२.६ म्हणजे सुमारे ७९४ विकला, सव्वातेरा कला.

आता रकाने. नोंदीचा क्रमांक, पराशय आणि त्याची त्रुटी, दोन दिशांची निजगती आणि त्यांच्या त्रुटी, जी पट्ट्यातली प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), निळा वजा तांबडा रंग, केंद्रापासूनचं कोनीय अंतर, आणि आर-यू-डब्ल्यू-ई नावाचा आकडा. शेवटच्याचं काम नंतर आहे, पण तो आत्ताच घ्या. पराशयाच्या चौकटीत '७० पेक्षा जास्त' अशी अट घाला, म्हणजे पार्श्वभूमीची गर्दी ओसरते.

इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत मी पडलोय.

पहिला: व्हिझिएर आपणहून पहिल्या ५० ओळीच दाखवतो. डावीकडची कमाल ओळींची मर्यादा वाढवायला विसरलात, तर जोडीदार ५१ व्या ओळीत बसून राहील आणि तुम्ही 'एकटा' असा शेरा मारून मोकळे व्हाल. दुसरा जास्त वाईट. गायाच्या नोंदीचा क्रमांक १९ अंकांपर्यंत लांब असतो. फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली की ती १५ अंकांपुढचे आकडे गुपचूप शून्य करते. एका पावसाळ्यात मी साठेक ताऱ्यांचे क्रमांक असे गमावले, आणि कळलं कधी, तर दिवाळीत, परत तपासायला बसलो तेव्हा. तो रकाना आयात करतानाच 'मजकूर' म्हणून घ्या. नाहीतर सरळ टॉपकॅट वापरा. हा मोफत प्रोग्रॅम खगोलीय तक्त्यांसाठीच बनवलेला आहे आणि क्रमांक नीट सांभाळतो.

अट घातल्यावर ५५ कँक्रीच्या तक्त्यात मुख्य ताऱ्यापासून सुमारे ८५ विकलांवर एक बराच मंद तारा दिसेल. दृश्य प्रत १३ च्या आसपास. पराशय दोघांचाही ७९ ते ८० च्या दरम्यान. निजगती दोघांची वर्षाला अर्ध्या विकलेहून थोडी जास्त, दिशा जवळजवळ तीच. ८५ ला १२.६ ने गुणलं की १,०७० एकक. हाच तो ब.

सारखी चाल म्हणजे किती सारखी?

खरी मेख इथे आहे. ५५ कँक्रीच्या दोघांच्या निजगतीत वर्षाला सुमारे १२ मिलिविकलांचा फरक आहे. आकड्यांच्या त्रुटी त्याच्या शेकड्याने लहान. म्हणजे फरक खरा आहे. मग सोबत आहेत की नाहीत?

आहेत. कारण ते एकमेकांभोवती फिरताहेत, आणि त्या फिरण्याचा फरक निजगतीत दिसणारच. म्हणून फरक शून्य आहे का हे न विचारता, फरक बंधनात राहण्याइतका लहान आहे का, हे विचारायचं. गणित दोन ओळींचं आहे. निजगतीतला फरक विकलांत घ्या, पारसेकने गुणा, मग ४.७४ ने गुणा: वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये मिळतो. ०.०१२ गुणिले १२.६ गुणिले ४.७४ म्हणजे ०.७ किलोमीटर. दुसरी ओळ निसटण्याच्या वेगाची: दोघांचं मिळून वस्तुमान (सूर्याच्या पटीत) भागिले अंतर (एककांत), त्याचं वर्गमूळ, गुणिले ४२.१. इथे वस्तुमान सुमारे १.२, अंतर १,०७०; उत्तर १.४ किलोमीटर. ०.७ हा १.४ पेक्षा कमी. जोडी टिकते.

शेजारच्या पोरीने मागच्या जुलैत एक सुरेख जोडी पकडली होती. अंतर २०० पारसेक, दोघांत ४० विकला, पराशय एकमेकांशी जुळणारे, निजगतीत फरक जेमतेम ३ मिलिविकला. तिने वहीत त्याभोवती लाल चौकट केली होती. गणित मांडलं: ०.००३ गुणिले २०० गुणिले ४.७४ म्हणजे २.८ किलोमीटर. ४० विकला म्हणजे ८,००० एकक. दोघांचं वस्तुमान दीड सूर्य धरलं तरी निसटण्याचा वेग ०.६ च्या आत. शिवाय आपल्याला दिसतं ते अंतर आकाशाच्या पाटीवरचं, खरं त्याहून जास्तच असणार, म्हणजे निसटण्याचा वेग आणखी कमी. जोडी मोडली. दोन दिवस ती वही घेऊन आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती जुन्या सगळ्या जोड्या पुन्हा तपासायलाच.

पराशयाची चाळणी लावतानाही तारतम्य हवं. दोन पराशयांतला फरक एकत्रित त्रुटीच्या तिपटीच्या आत असावा, असा ढोबळ नियम मी वापरतो. पण मंद ताऱ्याची त्रुटी मोठी असते: १५ प्रतीपर्यंत ०.०३ मिलिविकलेच्या आसपास, २० व्या प्रतीला अर्धी मिलिविकला. पराशय ५ आणि त्रुटी ०.५ असलेला तारा १८० पारसेकवरही असू शकतो आणि २२० वरही. एवढ्या चाळीस पारसेकांत कोणीही येऊन बसेल. सुरुवातीला म्हणूनच पराशय १० च्या वरचे, म्हणजे १०० पारसेकच्या आतले तारे घ्या.

फारच जवळच्या ताऱ्यांना मात्र तोच नियम उलटा चावतो. प्रॉक्झिमा हा नरतुरंगातल्या मित्र ताऱ्याचा जोडीदार. त्याचा पराशय ७६८ मिलिविकला, मित्राचा सुमारे ७५०. त्रुटी इतक्या बारीक की तिपटीचा नियम त्यांना ताबडतोब परके ठरवेल. फरक खरा आहे, कारण प्रॉक्झिमा खरोखरच आपल्या बाजूला थोडा पुढे आहे. आकाशात दोघांत दोन अंशांहून जास्त अंतर, त्यामुळे आपल्या १०,००० एककांच्या वर्तुळातूनही तो थोडक्यात निसटतो. आणि मित्र इतका तेजस्वी की गायाच्या यादीत त्याला जागाच नाही. सूर्याच्या सगळ्यात जवळचा शेजार, प्रॉक्झिमाला २०१६ मध्ये ग्रहही सापडला, आणि आपली पद्धत तिथे तीन ठिकाणी आपटते. नियम लावताना हे मी डोक्यात ठेवतो.

गाडी आली की सगळेच पळतात

आता पोरीच्या त्या वाक्याकडे. तारकागुच्छातले शेकडो तारे एकाच अंतरावर असतात आणि एकाच चालीने जातात. रोहिणीजवळचा हायडीस गुच्छ घ्या. त्यातल्या एप्सिलॉन टॉरी ताऱ्याला २००७ साली ग्रह सापडला. त्याच्याभोवती शोध घेतला तर 'जोडीदार' मिळतीलच, पण ते सहप्रवासी असू शकतात, कुटुंब नव्हे. म्हणून सिम्बाड या ताऱ्यांच्या ऑनलाइन माहितीकोशात ग्रहवाल्या ताऱ्याच्या नोंदीत तो कुठल्या गुच्छाचा आहे का, हे आधी बघायचं. वर्तुळ तिप्पट करून पुन्हा मोजणं हाही साधा उपाय: जुळणारे तारे दोनवरून तीसवर गेले, तर ती गाडीची गर्दी समजा.

आणखी एक परीक्षा आहे, जी मला या सगळ्या कामात सर्वांत आवडते. समजा तुम्ही १०० ग्रहवाले तारे तपासले आणि १२ जोडीदार मिळाले. आता प्रत्येक ताऱ्याचा पराशय आणि निजगती तीच ठेवा, पण शोधाचं केंद्र १ अंशाने बाजूला सरकवा आणि तेच गाळण पुन्हा लावा. तिथे ग्रहवाला तारा नाहीच, म्हणजे जे काही जुळेल ते शंभर टक्के खोटं. तिथेही ३ जुळले, तर तुमच्या १२ पैकी साधारण ३ योगायोगाचे आहेत. कुठले तीन ते कळत नाही, पण अट किती कडक करायची ते कळतं. आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या ताऱ्यांसाठी ही परीक्षा वेगळी करा. धनु-वृश्चिकाकडे गर्दी इतकी की तिथले खोटे जुळणारे आकडे इतरत्र लागू होत नाहीत.

जे गायाला वेगळे दिसत नाहीत

एक-दीड विकलेच्या आतले जोडीदार गायाच्या यादीत बहुतेकदा वेगळे येत नाहीत. त्यांचा माग आर-यू-डब्ल्यू-ई वरून लागतो. एकट्या ताऱ्याची हालचाल गृहीत धरून गणित केलं तेव्हा ते किती नीट बसलं, हे तो सांगतो. १ च्या जवळ असेल तर ठीक; १.४ च्या वर गेला की तारा डगमगतोय असा संशय. संशयच, पुरावा नव्हे. वेगळ्या कारणांनीही आकडा फुगतो.

तेजस्वी ताऱ्यांसाठी आणखी एक युक्ती. हिप्पार्कस यानाने १९९१ च्या आसपास मोजलेली जागा आणि गायाची २०१६ ची जागा यांतून पंचवीस वर्षांची सरासरी चाल निघते. ती गायाने मोजलेल्या ताज्या चालीशी जुळत नसेल, तर मधल्या काळात कोणीतरी ताऱ्याला ओढलंय. याची तयार यादीही व्हिझिएरवर मिळते.

त्याहून जवळचं पाहायला लागते मोठ्या दुर्बिणीवरची, हवेची थरथर पुसणारी लेझरवाली सुधारणा. पुण्याची खगोलसंस्था आयुका आणि अमेरिकेतली कॅलटेक यांनी मिळून बनवलेलं रोबो-एओ हे यंत्र पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर बसवलं होतं. त्याने केप्लर या ग्रहशोधक यानाच्या ७१५ ग्रह-उमेदवारांचे तारे तपासले, आणि २०१४ मध्ये ५३ ताऱ्यांजवळ दुसरा तारा असल्याचं जाहीर झालं. यातलं काही टेबलावर बसून होणार नाही, पण अशी निरीक्षणं आधी झाली आहेत का, हे नासाच्या बाह्यग्रह संग्रहात त्या ताऱ्याच्या पानावर बघता येतं.

'सापडला' म्हणण्याआधी

वॉशिंग्टनच्या जोडताऱ्यांच्या यादीत नाव शोधा. तेजस्वी ताऱ्यांच्या कित्येक जोड्या शंभर-दीडशे वर्षांपासून नोंदलेल्या आहेत. मग २०२१ मध्ये गायावरूनच काढलेली दहा लाखांहून जास्त जोड्यांची यादी बघा. तीही खुली आहे. माझ्या 'शोधां'पैकी बहुतेक या दोन चाळण्यांत अडकले, आणि त्याचं वाईट वाटत नाही. आपल्याला तेच उत्तर मिळालं, एवढं पुरतं.

जुन्या फोटोंशी ताडताना एक सांभाळा. गायाच्या तिसऱ्या यादीतल्या जागा २०१६ सालच्या आहेत, बऱ्याच याद्या २००० सालच्या जागा देतात. ५५ कँक्री सोळा वर्षांत साडेआठ विकला सरकतो. तारीख न बघता जागा जुळवली तर भलताच तारा हाती येतो. उलट याचाच फायदाही आहे: अलादीन प्रोग्रॅममध्ये १९५० च्या दशकातली पालोमारची प्लेट आणि अलीकडचं चित्र आलटून पालटून दाखवा, दोघे सोबत सरकताना डोळ्यांनी दिसतात. पोरीने हे पाहिलं तेव्हा आईला हाक मारली.

सराव झाला की पहिला स्वतःचा तारा म्हणून मी बिभा सुचवतो. एचडी ८६०८१ हा तारा; २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला आलेलं नामकरण याचंच. बिभा चौधुरी या वैश्विक किरणांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक. ताऱ्याच्या ग्रहाचं नाव सांतमस, फेरी दोन दिवसांच्या थोडी वर. अंतर साधारण १०० पारसेक, त्यामुळे वर्तुळ १०० विकलांचं, गणितही तोंडी.

गायाची चौथी यादी डिसेंबर २०२६ मध्ये यायची आहे. तिच्यात प्रत्येक वेळची सुटी निरीक्षणंही असतील, आणि डगमगणाऱ्या ताऱ्यांचा हिशोब मग वेगळ्याच तऱ्हेने मांडता येईल.

ऑक्टोबर लागला, आकाश उघडलं, की एक रात्र मुंबईबाहेर वांगणीला. १६ सिग्नी तिथून उत्तरेला चांगली साठ अंशांच्या आसपास वर येते. हंसाच्या पंखातला थीटा तारा पकडायचा आणि तिथून किंचित सरकायचं. दोन्ही तारे साधारण सहाव्या प्रतीचे, दोघांत ३९ विकला; साध्या सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीतही मोकळे दिसतात, दोन पिवळसर ठिपके, जवळजवळ सारखे. पोरगी बराच वेळ डोळा लावून होती.

"काका, ग्रह कुठल्याला?"

"किंचित मंद आहे ना, त्याला."

"दोन्ही सारखेच दिसतायत."

"मग परत बघ."

तिने चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुन्हा वाकली.